जुना फ्लॅट विकण्याआधी घर कसं सजवावं

फ्लॅट विकायचा ठरला की आधी घरात सगळ्यांना सांगून टाका. संध्याकाळपर्यंत कामांची यादी तयार होते. मेव्हणे फॉल्स सीलिंग सुचवतील, मुलगी मॉड्युलर किचनचे फोटो पाठवेल, आणि इतकी वर्षं गळका नळ सोसलेल्या सौ. शांतपणे विचारतील, ‘आपण राहत होतो तेव्हा नाही सुचलं हे?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. पुढच्या पायरीकडे वळा.

पुढची पायरी किचन. कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइट आणि ट्रॉल्या बसवाव्यात. रंग स्वतःच्या आवडीचा निवडावा, म्हणजे घेणाऱ्याला ते फोडताना वाईट वाटणार नाही. तो फोडणारच. त्याच्यासोबत आलेले काका शेगडी आग्नेयेला का नाही, एवढंच विचारतील. तुमची वायव्येला असेल तर ट्रॉल्यांचे पैसेही वायव्येलाच गेले.

आता जरा हिशेब. पुण्यातला ८० लाखांचा फ्लॅट धरा. बँक फार तर ८० टक्के, म्हणजे ६४ लाख देणार. उरलेले १६ लाख, ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार स्टॅम्प ड्यूटी आणि ३० हजार नोंदणी फी घेणाऱ्याने खिशातून काढायची, दलाली वेगळीच. इतकं देऊन बसलेला माणूस तुमच्या फॉल्स सीलिंगचे आणखी दोन लाख आनंदाने देईल, असं मानणं हा या शास्त्राचा पाया आहे. बँकेचा व्हॅल्युअर तर छताकडे बघतही नाही. तो एरिया, इमारतीचं वय आणि आसपासचे भाव लिहून निघून जातो.

ओल असेल तर तिच्यावर कॅलेंडर लावावं. घेणारा आल्याबरोबर कॅलेंडरच उचलतो, त्यामुळे त्याला शोधाशोध करावी लागत नाही. डिस्टेंपर मेमध्ये मारून फ्लॅट मेमध्येच दाखवायचा, ही आपली जुनी पद्धत. म्हणून जाणते लोक जुलैत येतात. ज्यांना ही कला जमत नाही त्यांनी सरळ गळती काढावी. टेरेसमधून पावसाचं पाणी येत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची असते, वरच्यांच्या बाथरूममधून येत असेल तर वरच्यांनी. फॉल्स सीलिंगपेक्षा हे काम बरंच स्वस्त आहे, फक्त वरच्यांशी बोलावं लागतं. त्यापेक्षा बरेच जण फॉल्स सीलिंग करतात.

गळके नळ, सैल बटणं, न लागणारी बाथरूमची कडी आणि सगळीकडे पांढरा रंग. खरं तर एवढंच करायचं असतं, पण नातेवाइकांना सांगण्यासारखं त्यात काही नाही.

कागदपत्रं शेवटी ठेवा, म्हणजे बयाणा घेतल्यावर कळेल की शेअर सर्टिफिकेट अजून वडिलांच्याच नावावर आहे आणि बिल्डरचा मूळ करारनामा सापडत नाही. सोसायटीने ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त मागितला तर २००१ चं सरकारी परिपत्रक दाखवा. सेक्रेटरी ते पहिल्यांदाच बघत असल्याचा चेहरा करतील.

आणि सोसायटीत रिडेव्हलपमेंटची कुजबुज असेल, तर घेणारा भिंतींकडे बघणारच नाही. दारातूनच विचारेल, ‘कार्पेट किती?’ तोवर तुमच्या बाथरूमच्या टाइल्स बसवून झालेल्या असतील.