आपल्याकडं तसलं काई नाई

गावाच्या वेशीवर 'हागणदारीमुक्त गाव' अशी पाटी असते आणि पहाटे त्याच पाटीच्या आडोशाला लोक टमरेल घेऊन बसलेले असतात. त्याच धर्तीवर नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे समलिंगीमुक्त आहेत. पाटी तेवढी लावायची राहिली.

ही खबर अण्णांची. अण्णा म्हणजे कोणी एक इसम नव्हे. नांदेडच्या वजिराबादेत, लातूरच्या गंजगोलाईत, जिथं जिथं चहाचं हॉटेल आहे तिथं तिथं एक अण्णा असतातच. "तसलं सगळं पुण्या-मुंबईकडं. आपल्याकडं काई नाई," असं म्हणून ते बशी तोंडाला लावतात आणि विषय मिटतो.

आकडेवारीही अण्णांच्याच बाजूची आहे. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच स्त्री-पुरुषांबरोबर 'इतर' असा पर्याय आला आणि महाराष्ट्रात त्यात ४०,८९१ माणसं मोजली गेली. बाकी घरात नळ आहे का, टीव्ही आहे का, सायकल आहे का, सांडपाणी कुठं जातं, हे सगळं सरकारनं दारात येऊन विचारलं. जीव कोणावर आहे हे विचारलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शून्य येतं, आणि शून्य हा आकडा अण्णांना तोंडपाठ आहे.

पुण्या-मुंबईकडं खरंच सगळं आहे. अशोक राव कवींनी मुंबईत १९९० साली 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींचं नियतकालिक काढलं, १९९४ ला हमसफर ट्रस्ट उभी राहिली. पुण्यात बिंदुमाधव खिऱ्यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट काढली, तीही मराठीत बोलणारी. तिथं मोर्चे निघतात, सिनेमांचे महोत्सव होतात, बोलायला माणूस मिळतो. आपल्याकडं त्या जागी रात्रीची ट्रॅव्हल्स आहे. संध्याकाळी लातुरातून निघते आणि तीनशेच्या वर किलोमीटर जाऊन सकाळी पुण्यात सोडते. तूर, सोयाबीन आणि हुशार पोरं आपण बाहेर पाठवतो हे सर्वांना ठाऊक आहे. चौथ्या मालाची बिल्टी कोणी फाडत नाही, एवढंच.

पण जे गेले नाहीत त्यांची सोय आपल्या घरमालकांनी केली आहे, याचं श्रेय त्यांना कोणी देत नाही. लातुरात औसा रोडला खोली शोधून बघा. नोकरी करणाऱ्या एकट्या बाईकडं सख्खा भाऊ आला तरी त्याचं आधारकार्ड तपासतात. लग्न न झालेलं जोडपं आलं तर गेटसुद्धा उघडत नाहीत. तिशीतले दोन बाप्ये मात्र आले, एक बँकेत, एक औषध कंपनीत, की दहा बाय बाराची खोली, एक कॉट, आणि वरून मालकीणबाईंचा आशीर्वाद. "आमच्याकडं लफडं चालत नाई बरं का," असं त्या बजावतात. लफड्याच्या सगळ्या वाटा त्यांनी बुजवल्या आहेत. एक राहिली, तिचं भाडं पाच तारखेच्या आत येतं. दोन मास्तरणी मिळून राहत असतील तर प्रश्नच नाही. बायकांना एकमेकींची सोबत लागते, हे आपल्या संस्कृतीनं फार पूर्वीच ओळखलं आहे.

दुसरी जागा फोनमधली. तिथलं भेटीगाठीचं ॲप जवळच्या माणसाचं अंतर दाखवतं. समलिंगीमुक्त नांदेडात ते कधी 'आठशे मीटर' म्हणतं, कधी 'दोनशे'. कधी पलीकडं खरा माणूस असतो, कधी टोळकं. भेटायला बोलवायचं, फोटो काढायचे, घरी सांगू म्हणून पैसे उकळायचे. हा धंदा बिनधोक आहे, कारण फिर्याद द्यायची तर आधी ठाणे अंमलदारापुढं तोंड उघडावं लागतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलमातून दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना मोकळं केलं. त्या दिवसापासून ज्याला लुटलं तो गुन्हेगार राहिला नाही. हे लुटणाऱ्यांना अजून कळलेलं नाही आणि लुटल्या गेलेल्यांना पुरतं पटलेलं नाही.

अण्णांना या लोकांचं वावडं आहे असंही नाही. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. अण्णा घोडे बघायला म्हणून जातात आणि तमाशाच्या तंबूत पुढच्या रांगेत सापडतात. नाच्या कंबर लचकवतो तेव्हा पहिली शिट्टी अण्णांची. दुकानाच्या उद्घाटनाला तृतीयपंथी आले की अण्णा त्यांच्या हातून एक रुपया मागून घेतात आणि गल्ल्यात ठेवतात. बरकत येते म्हणे. त्यांच्यापैकीच कोणी २०१९ च्या कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र घेऊन खोली विचारायला आली, की खोली भरलेली असते. रुपयानं बरकत येते, माणसानं वस्ती बिघडते.

एका बाबतीत मात्र अण्णा उदार आहेत. शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावला, ललित साळवे हे पोलीस आहेत. महिला शिपाई म्हणून भरती झाले होते. लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली तेव्हा खात्यानं नाही म्हटलं, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, अखेर परवानगी मिळून २०१८ साली मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. पुढं लग्न झालं, २०२४ साली मूल झालं. अण्णांना हे सगळं मान्य. "पोरीचा पोरगा झाला, चांगलंच की!" पोराची पोरगी झाली असती तर? अण्णांनी बशी खाली ठेवली. ज्या बीडमध्ये २०११ साली सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली उरल्या होत्या, त्या मुलखात ही उदारता कुठून येते ते वेगळं सांगायला नको.

दिल्लीहून मात्र गोंधळ वाढवणारे कागद येतात. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, समलिंगी लग्नाचा हक्क आम्ही देऊ शकत नाही. मग २०२४ साली केंद्रानं कळवलं, की रेशनकार्डापुरतं अशा जोडीदारांना एकाच घरातलं धरा आणि बँकेत संयुक्त खातं काढायलाही हरकत नाही. आपल्याकडं भाऊ वेगळे झाले का, हे चुली मोजून ठरतं. तेव्हा चूल एक, गव्हाची थैली एक, पासबुक एक. फक्त नातं काय ते विचारायचं नाही. हा कागद घेऊन कोणी आमच्या रेशन दुकानात गेलंच, तर दुकानदार मशीनवर अंगठा घेईल आणि सर्व्हर डाऊन आहे म्हणेल. तिथं तो कोणाशीच भेदभाव करत नाही.

आता प्रत्येक अण्णाला पुण्यात एक पुतण्या असतो. चौतीस वर्षांचा, चांगल्या पगाराचा, निर्व्यसनी. दर दिवाळीला तो मित्राला घेऊन येतो. मित्र घरात शिरल्या शिरल्या काकूंच्या गुडघ्याची चौकशी करतो आणि चकल्या तळू लागतो. पुतण्यानं आलेली सगळी स्थळं मोडली आहेत. गेल्या दिवाळीत काय ते त्यानं स्पष्ट सांगितलंही. अण्णांनी ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी वधू-वर सूचक मंडळात नाव घातलं.

"लग्न झालं की सरळ होतंय."

मी म्हटलं, "अण्णा, शेती करणाऱ्या धडधाकट पोरांना इथं मुली मिळेनात. त्यात याच्या गळ्यात एक बांधून तिचं काय करणार?"

"गरिबाघरची बघू," अण्णा म्हणाले. "ती काई बोलत नसती."