पक्षी, हद्द आणि सरकारी कृपा

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पाहण्यास निघालेल्या हौशी प्रवाशाने दुर्बिणीबरोबर थोडी इतिहासदृष्टीही जवळ बाळगावी. कारण ज्या पक्ष्याप्रीत्यर्थ सरकारने १९७९ साली सोलापूर व नगर या जिल्ह्यांतील तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर मुलूख, त्यातील शेतमळे व नांदत्या वस्त्यांसह, अभयारण्य म्हणून जाहीर केला, तो पक्षी दप्तरात जसजसा सुरक्षित होत गेला तसतसा माळावरून दिसेनासा झाला. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणाऱ्या त्या भाबड्या जिवास अधिसूचना वाचता येत नसावी. पुढे सरकारने हद्दीलाच कात्री लावली, हा भाग निराळा.

याउलट उजनी धरण बांधताना पाटबंधारे खात्याने उसाचा आणि विजेचा विचार केला, रोहित पक्ष्यांचा मुळीच नाही. तरीही भिगवण-कुंभारगावच्या उथळ फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित उतरतात आणि हिमालय लंघून आलेले पट्टकदंबही, कोणताही अर्ज न करता वा परवाना न काढता, तेथे मुक्काम ठोकतात. त्यांना निवांत चरताना पाहून मात्र आमच्या निसर्गप्रेमींचे समाधान होत नाही. थवा उडाल्याविना छायाचित्र कसले, म्हणून नावाड्यास बक्षिसीची लालूच दाखवून नाव थेट थव्यात घालावयास लावणारे रसिक दुपारी खाणावळीत चिलापीच्या रश्श्याचा भुरका मारीत पाणथळींच्या ऱ्हासाबद्दल मनापासून हळहळतात.