बी म्हणजे नेमकं कुठलं बटन?

जुन्या टीव्ही गेमसाठी नवा गेमपॅड जुळवताना पहिली अडचण अक्षरांची येते. 1983 च्या निन्टेंडो फॅमिकॉमला खेळायची बटनं दोनच होती, डावं बी आणि उजवं ए. नव्वदच्या दशकात बीड, परळी, अंबाजोगाईच्या घरांतून वाजू लागलेले टीव्ही गेम म्हणजे याच यंत्राच्या नकला. गेमपॅडला तिथे रिमोटच म्हणत, आणि रिमोट ही थोरल्याच्या हातातली वस्तू. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्ट नव्हतंच. गेम थांबतो तो स्टार्टनं, म्हणून धाकट्याला पाणी प्यायला उठायचं तर दादाची परवानगी लागे, हे थेट जपानातूनच ठरून आलेलं होतं.

एक्सबॉक्सच्या धाटणीच्या पॅडवर खाली ए, उजवीकडे बी, डावीकडे एक्स आणि वर वाय असतं. निन्टेंडोच्या 1990 च्या सुपर फॅमिकॉमवर मात्र ए उजवीकडे आणि बी खाली. जुने गेम नव्या यंत्रावर चालवणारं रेट्रोआर्क हे सॉफ्टवेअर ही दुसरी मांडणी धरून चालतं. परिणामी छापलेलं ए दाबलं की मारिओ उडी मारण्याऐवजी धाव घेतो, आणि पुढे खड्डा असतो.

इथे अक्षरांपेक्षा अंगठ्याचा शब्द प्रमाण मानावा. जुना खेळाडू अंगठ्याचं टोक बीवर दाबून ठेवतो आणि पेरानं ए टेकवतो, म्हणजे धावता धावता उडी. हीच ठेवण नव्या पॅडवर डावीकडचं एक्स आणि खालचं ए यांच्यावर नेमकी बसते. म्हणून रेट्रोआर्कच्या क्विक मेनूतल्या कंट्रोल्समध्ये उडी खालच्या बटनाला द्यावी, धाव डावीकडच्या, आणि रीमॅप फाइल सेव्ह करावी. मुख्य सेटिंग्जमधल्या इनपुटला हात लावू नये. तिथे केलेला बदल सगळ्याच गेमना लागतो, आणि मेनूतलं होय-नाही कुठे गेलं ते शोधण्यात संध्याकाळ जाते. उरलेल्या दोन बटनांना टर्बो द्यावा, म्हणजे बटन दाबून धरलं की ते आपोआप भराभर दाबलं जातं. नकली सेटवर तो असायचा, त्यामुळे टर्बो वापरणं ही लबाडी नसून परंपरा आहे.

दिशांसाठी अधिक-चिन्हाचंच बटन बरं. गुनपेई योकोईंनी 1982 मध्ये ते आणलं, त्याला अजून तोड नाही. कॅसेटमधला ‘टँक’ म्हणजे 1985 चा बॅटल सिटी. तो चारच दिशांना वळतो. पॅडवरच्या ॲनालॉग काठीनं चालवला तर गल्लीच्या तोंडाशी अडून राहतो, उसाच्या ट्रॉलीसारखा.

पॅड शक्यतो वायरीनं जोडावा. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं बदलतात. ब्लूटूथमुळे दोन-तीन चित्रांचा उशीर झाला तरी कडेवरची उडी हुकते.

राहिलं सेव्ह करणं. परळीला औष्णिक वीज केंद्र असलेल्या जिल्ह्यातही लाईट जायचीच, आणि आठव्या वर्ल्डला पोचलेला मुलगा लाईट आल्यावर पहिल्या वर्ल्डला उभा असायचा. आता रेट्रोआर्कमध्ये सेव्हसाठी हॉटकी, म्हणजे पॅडवरचं थेट बटन, ठेवता येते. मात्र आधी ‘हॉटकी एनेबल’ला सिलेक्ट द्यावं, म्हणजे दोन बटनं एकदम दाबल्याशिवाय सेव्ह होणार नाही. नाहीतर झटापटीत भलतंच बटन दाबलं जातं, खड्ड्यात पडता पडता गेम सेव्ह होतो, आणि मारिओ दर वेळी तिथूनच पडायला सुरुवात करतो.

शेवटी चाचणी. काँट्रा या गेमच्या 1988 च्या अमेरिकी आवृत्तीत सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए आणि स्टार्ट, हे पॅडकडे न बघता दाबावं. तीस लाईफ मिळाल्या तर जुळणी बरोबर. तीनच मिळाल्या तर बी आणि ए अजून उलटे आहेत. परत कंट्रोल्समध्ये जावं.