दगड सरकल्यावर पुढं काय?

सालेकसा तालुक्यात सुतक पाळायची कारणं तशी ठरलेली आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, त्यांत एकाची भर पडली. 'अटॅक ऑन टायटन' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका संपली. प्रस्तुत लेखकाचा भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, असं घरात अधिकृतरीत्या मानलं जातं. तो त्या दिवशी ताटावर बसेना. आईला वाटलं, पूर्वपरीक्षेचा निकाल लागला. निकाल लागला असता तर तो जेवला असता. त्याची त्याला सवय आहे.

"काऊन रे, झालं काय?" मामानं, म्हणजे प्रस्तुत लेखकानं, विचारलं.

"शेवट बेकार करून टाकला ना जी, मामाजी. दहा वर्ष पाह्यलो मी!"

मालिका २०१३ साली सुरू झाली तेव्हा भाचा प्राथमिक शाळेत होता. उंच भिंतींच्या आत माणसं शंभर वर्षं कोंडलेली, बाहेर माणसं खाणारे महाकाय, आणि एरेन नावाच्या पोराला भिंतीपलीकडचं जग पाहायची ओढ, इतकी साधी सुरुवात. ते जग त्याला दिसतं आणि शेवटी तेच जग तो पायाखाली तुडवायला निघतो. त्याला थांबवायचं काम त्याच्यावर जीव टाकणाऱ्या मिकासावर येतं. मूळ चित्रकथा एप्रिल २०२१ मध्ये संपली तेव्हाच जगभर बोंब झाली होती. तिचे कर्ते हाजिमे इसायामा यांनी पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये चाहत्यांसमोर या शेवटाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मराठी लेखकावर अशी वेळ येत नाही. तो शेवटाबद्दल माफी मागत नाही, दुसरी आवृत्ती काढतो.

भाच्याच्या पिढीला असे घाव नवे नाहीत. 'इनुयाशा' २००४ साली १६७ भागांवर अर्ध्यात थांबलं आणि त्याचा शेवट दाखवायला २००९ उजाडलं. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना एवढा एकच अ‍ॅनिमे वास्तववादी वाटतो. 'पोकेमॉन'चा अ‍ॅश १९९७ मध्ये घरातून निघाला, २०२२ मध्ये जगज्जेता झाला आणि मार्च २०२३ मध्ये मालिकेतून बाहेर पडला. एवढ्या काळात त्याचं वय दहाच राहिलं. आयोगानं ही सवलत दिली तर वयोमर्यादेसाठी पुण्यात मोर्चे निघणार नाहीत. डोरेमॉनचं तर विचारूच नये. मार्च १९७४ च्या अंकात तो नोबिताचा निरोप घेऊन भविष्यात परत गेला, वाचकांनी डोळे पुसले आणि एप्रिलच्या अंकात स्वारी हजर. निरोपाचे प्रयोग लावणाऱ्या नाटकमंडळींनी हे तंत्र कुठून उचललं, याचा शोध कुणीतरी घ्यावा.

मामाचं म्हणणं वेगळं होतं. ही सगळी भांडणं एका क्षणाची. राक्षस मेला की नाही, भिंत पडली की नाही, दगड सरकला की नाही. दगड सरकल्यावर पुढं काय, हे कुणी विचारतच नाही. आणि ज्या मुलखात हा प्रश्न फार पूर्वी नीट सोडवून ठेवलाय, त्या मुलखातलं पोरगं टोकियोकडं तोंड करून रडतंय! म्हणून माघ पौर्णिमेला मामा त्याला गोंडांच्या यात्रेला, कचारगडच्या गुहेकडं घेऊन गेला.

दरेकसा हे मुंबई–हावडा लोहमार्गावरचं महाराष्ट्राच्या टोकाचं स्थानक. पुढं बोगदा आणि छत्तीसगड. स्थानकावरून धनेगाव आणि धनेगावावरून डोंगरातली चढण. माघ पौर्णिमेच्या आगेमागे या वाटेवर महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा असा सगळा गोंडवाना लोटतो. पिवळे दुपट्टे, पिवळे फेटे, सप्तरंगी झेंडे, आणि समोरून येणारा ओळखीचा असो की नसो, 'जय सेवा'. भाचा 'जय सेवा'ला आधी मान हलवत होता, अर्ध्या चढणीवर तोंडानं म्हणू लागला, आणि पाऊण चढणीवर त्याच्या तोंडून काहीच निघेना. रोज बारा तास बसून जग वाचवणाऱ्यांच्या पोटऱ्या कच्च्या असतात.

गुहेपाशी सांगतात ती गोष्ट अशी. माय काली कंकालीची तेहतीस पोरं. त्यांचा दंगा अनावर झाला तेव्हा शंभूनं त्यांना या गुहेत कोंडलं आणि तोंडावर प्रचंड शिळा लावली. मायचा आक्रोश कुणाला ऐकवेना. मग गोंडांचे आद्यगुरू पहांदी पारी कुपार लिंगो, रायताड जंगो आणि हिरासुका पाटालीर हा वादक पुढं आले. हिरासुकाच्या सुरांनी आतल्या पोरांच्या अंगात बळ आलं, त्यांनी आतून जोर लावला, शिळा सरकली. सरकली ती हिरासुकाच्या अंगावर. पोरं सुटली, वाजवणारा गेला.

"वाजवणाराच मेला?" भाच्यानं घाम पुसत विचारलं. "हे तर पक्कं अ‍ॅनिमे आहे ना जी!"

शेजारी टेकलेल्या पिवळ्या फेट्याच्या आजोबांनी त्याच्याकडं शांतपणे पाहिलं. "ते का होय, मले मालूम नाही, बाबू. हा आमचा हिशेब आहे. कोण कोणाचा, त्याचा."

मामाला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. पण भाच्याची तुलना अगदीच वाया घालवण्यासारखी नव्हती. जपानकडं स्वतःची गुहा आहे. इसवी सन ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या 'कोजिकी' या ग्रंथात सूर्यदेवी अमातेरासू भावाच्या दांडगाईला विटून गुहेत शिरते, तोंडाला दगड लावून घेते आणि जगात अंधार पडतो. बाहेर देव जमतात, उझुमे ही देवी नाचते, देवांचा हशा उसळतो. आत बसलेलीला राहवत नाही, ती फट करून डोकावते आणि टपून उभा असलेला एक बलदंड देव तिला बाहेर ओढतो. दोन्ही गोष्टींत गुहा, शिळा आणि वाजवणं-नाचणं. फरक एवढाच की जपानात बाहेरच्यांनी ओढलं, कचारगडात आतल्यांनी ढकललं. भाच्याला अमातेरासू माहीत होती, पण 'नारुतो'मधल्या इताचीच्या डोळ्यातून निघणारी काळी आग म्हणून. सूर्याची देवी म्हणून त्यानं तिला त्या दिवशी पहिल्यांदा नमस्कार केला, तोही दरेकसाच्या डोंगरात.

आता मामाचा मुद्दा. अ‍ॅनिमे असता तर शिळा सरकली तिथं संगीत चढलं असतं, नावं पडद्यावर वर सरकू लागली असती आणि शेवटच्या मिनिटात 'तीन वर्षांनंतर' असं लिहून सगळे हसताना दाखवले असते. लिंगोची खरी कामगिरी तिथून पुढं सुरू होते. पोरं सुटली, ठीक. पण आता ती राहणार कशी, सोयरीक कुणाशी करणार, कुणाला भाऊ म्हणणार? लिंगोनं त्यांना सगांत, म्हणजे सोयरिकीच्या गटांत, वाटलं, पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म, शिकवला, कुळं लावून दिली. ती ७५० मानतात. हा आकडा गोंडांच्या गाड्यांवर, दारांवर, पत्रिकांवर मिरवताना दिसतो. प्रत्येक कुळाच्या वाट्याला एक झाड, एक प्राणी आणि एक पक्षी, जपण्यासाठी. आणि देवांच्या संख्येवरून चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. सारखे देव असलेले एकमेकांचे भाऊ; त्यांच्यात लग्न नाही. आजही स्थळ आलं की पगाराच्या आधी देव विचारणारी घरं आहेत. जग वाचवल्यानंतर बसून सोयरिकीचे नियम लावून देणारा नायक! याला म्हणतात शेवट. तलवार कुणीही चालवतो, वाटण्या करायला छाती लागते.

या कसोटीला जपानी मंडळींपैकी कोण उतरतं, यावर उतरणीला चर्चा झाली. 'फुलमेटल अल्केमिस्ट'ला भाच्यानं काठावर पास केलं. या मालिकेचे दोन शेवट आहेत. २००३ ची मालिका चित्रकथेच्या पुढं पळाली, तिनं आपला शेवट आपणच रचला आणि २००५ च्या चित्रपटात नायकाला १९२३ च्या जर्मनीत नेऊन सोडलं. मग २००९ ची दुसरी मालिका मूळ कथेप्रमाणं ६४ भागांत संपली. तिथं नायक एडवर्ड भावाचं शरीर परत मिळवण्यासाठी आपली सगळी किमया देऊन टाकतो, आणि शेवटी रेल्वे स्थानकावर उभा राहून बालमैत्रीण विनरीला सममूल्य देवाणघेवाणीच्या भाषेत मागणी घालतो: माझं अर्धं आयुष्य घे, तुझं अर्धं दे. ती त्याला आधी झापते, मग अर्ध्याहून बरंच जास्त देऊ करते. मामाला हे आवडलं. निदान बोलणी तरी झाली. देव किती, ते मात्र दोघांनीही विचारलं नाही.

खरं बक्षीस 'फ्रिरेन'ला. ही मालिका सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे भाच्याच्या सुतकाच्या आधीच, सुरू झाली होती. मारामारी कमी म्हणून त्यानं बाजूला ठेवली होती. तिची सुरुवातच दुसऱ्या मालिकेच्या शेवटानं होते. दहा वर्षांची मोहीम फत्ते, राक्षसांचा राजा मेलेला, चौघं परत आलेले. फ्रिरेन हजारावर वर्षं जगलेली जादूगारीण. तिला ती दहा वर्षं चुटकीसरशी गेलेली. पन्नास वर्षांनी परत येते तो नायक हिम्मेल म्हातारा, टकलू, आणि थोड्याच दिवसांत तिरडीवर. मग ती रडते, की या माणसाला ओळखून घ्यायचं राहूनच गेलं. पुढची सगळी मालिका त्या राहून गेलेल्या ओळखीची. दगड सरकल्यावर काय, हा प्रश्न विचारायला जपानला २०२० सालची चित्रकथा लागली.

भाचा हार मानणारा नव्हता. "पण लिंगोच्या गोष्टीचा शेवट एकच आहे, कशावरून?"

नाहीच. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच, यांनी एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या भाटाच्या, तोंडून लिंगोचं लांबलचक गाणं उतरवून घेतलं होतं. त्यात गोंड कोंडले जातात ती जागा काचिकोपा लोहागड, कोंडणारा महादेव, आणि लिंगो मधेच भावांच्या हातून मारला जाऊन पुन्हा जिवंत होतो. सुटका सुरांनी होत नाही. लिंगो तप करतो, एका महापक्ष्याची पिल्लं सापाला मारून वाचवतो आणि महादेवाकडून गोंड सोडवून आणतो. मग कुळं लावून देतो आणि दिसेनासा होतो. पुनेमचे आजचे अभ्यासक या पाठावर बाहेरचा रंग चढलाय असं मानतात. सुटकेचे मार्ग दोन, पण वाटण्यांचं काम दोन्हीकडं नायकाच्याच गळ्यात!

खुद्द हिस्लॉप यांना आपलं काम पुरं झालेलं पाहता आलं नाही. १८६३ मध्ये ते पुराच्या पाण्यात बुडाले, आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून आणले. तसेच 'बर्सर्क' या जपानी चित्रकथेचे कर्ते केंतारो मिउरा मे २०२१ मध्ये कथा अर्धी टाकून गेले आणि ती पुढं नेण्याची देखरेख त्यांचे जुने मित्र कोजी मोरी करत आहेत. इथं विनोदाला जागा नाही. मोरींकडं निदान मित्रानं एकदा सांगितलेली गोष्ट होती, टेंपलसाहेबांकडं नुसते कागद.

कचारगडचे कागद मात्र एका बँकवाल्यानं सांभाळले. नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारे डॉ. मोतीरावण कंगाली यांनी उरलेल्या वेळात गोंडी शब्दकोश, व्याकरण आणि पुनेमावरचे ग्रंथ लिहिले, आणि १९८० च्या दशकात ज्या मोजक्या मंडळींनी ही यात्रा उभी केली त्यांत ते होते. २०१५ मध्ये ते गेले. मूठभरांनी सुरू केलेल्या यात्रेला आता पाय ठेवायला जागा नसते. जगातल्या कुठल्याही चाहतामंडळानं शेवट इतका मनावर घेतल्याचं ऐकिवात नाही.

झाडीपट्टीच्या माणसाला तसाही शेवटाचा बाऊ नाही. इकडं नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि उजाडेस्तोवर चालतं. नायिकेचं काय झालं यापेक्षा पहिली एसटी कधी, हा प्रश्न मोठा. तरीही प्रेक्षक उठत नाही, कारण शेवट आवडला नाही तर पुढच्या गावात दुसरी मंडळी आहे. भाच्याला हे पटलं नाही. तो म्हणाला, 'वन पीस' १९९९ पासून सुरू आहे, अकराशेच्या वर भाग झाले, आणि त्याचा शेवट तरी झकास होईल. मामानं त्याला कबूल करून टाकलं. अकराशे भाग पाहिलेल्या माणसाशी वाद घालू नये.

शेवटी दोघांचं निकालावर एकमत झालं: 'अटॅक ऑन टायटन' नापास, 'फ्रिरेन' पहिल्या वर्गात, आणि लिंगोला परीक्षेलाच बसवायचं नाही. तो लोकांचा पुनेम आहे, मामा-भाच्यानं गुण द्यायची गोष्ट नव्हे.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: यात्रा माघ पौर्णिमेच्या सुमारास असते, बहुतेक मेल-एक्स्प्रेस गाड्या दरेकसाला थांबत नाहीत, तेव्हा गोंदियाहून पॅसेंजरचं वेळापत्रक पाहून निघा. पायांत चांगले बूट घाला, वरून खाली उतरणाऱ्याला 'जय सेवा' आधी तुम्ही म्हणा, आणि अर्धी राहिलेली मालिका गाडीतच संपवा.