परसबागेचा मालक

कोकणातली उन्हाळी परसबाग रोहिणी नक्षत्रात, म्हणजे 25 मेच्या सुमारास मोडायला घेतात आणि मृगाच्या तोंडावर, 7 जूनच्या आसपास, पावसाळी बियाणे मातीत जाते. या जेमतेम पंधरा दिवसांत बागेत तीन घटक आढळतात: उरलेली भाजी, पुढचे बियाणे आणि बागेचा मालक. पहिले दोन उपयोगाचे असतात. तिसऱ्याचा नमुना प्रस्तुत लेखकाला आरशात पाहायला मिळत असल्याने त्याचे वर्णन अधिक तपशिलाने करता येते.

उतरणीची सुरुवात भेंडीपासून करावी लागते, कारण ती कोणासाठी थांबत नाही. फूल उमलल्यापासून पाच ते सात दिवसांत ती तोडावी. नंतर धागा धरतो. बाजारात विकणारीच्या देखत दर भेंडीचा शेंडा मोडून पाहणारा मालक घरच्या भेंडीला मात्र ‘अजून एक दिवस वाढू दे’ म्हणून सोडतो. चौथ्या दिवशी ती वीतभर होते. फोटोत उत्तम दिसते, सुरीला दाद देत नाही. अशा भेंड्या शेजारी वाटण्याचा रिवाज आहे. शेजारीही त्या आनंदाने घेतात. त्यांच्याकडे गाय आहे.

वांगी उपटायची नसतात. जमिनीपासून वीतभर ठेवून छाटली आणि बुंध्याशी शेणखत घातले की पावसात फूट येऊन पुन्हा धरतात. याला खोडवा म्हणतात. लाल माठ बी धरू लागला की संपला. कारल्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. घरात ते मालकाखेरीज कोणी खात नाही, आणि मालकही केवळ स्वतः लावले म्हणून खातो.

पडवळाचे मात्र विस्ताराने सांगायला हवे. मोकळे सोडलेले पडवळ वेटोळे घालते. ते सरळ वाढावे म्हणून फळ वीतभर झाले की टोकाला सुतळीने लहानसा दगड टांगतात. दगड फार हलका असला तर पडवळ त्यालाही घेऊन वळते; जड असला तर तुटते. एवढे ज्ञान गावातल्या शेंबड्या पोरालाही असते. मालकाने त्याचे शास्त्र केले. नदीवरून एकाच चणीचे, गोल, गुळगुळीत बावीस दगड निवडून आणले, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले, त्यांवर खडूने नंबर घातले आणि फळाच्या वाढीप्रमाणे दगड बदलण्याचे वेळापत्रक वहीत आखले. सकाळचा चहा मांडवाखाली होऊ लागला. सात नंबरचा दगड मध्यरात्री सुटून पत्र्याच्या बादलीवर पडला तेव्हा घरच्यांनी चोर आला म्हणून दिवे लावले. मालक कोणता नंबर पडला ते पाहायला धावला. दगड डोक्याला लागू नयेत म्हणून मांडवाखाली वाकून हिंडावे लागे. महिनाअखेर पडवळे ओळंब्यासारखी सरळ झाली आणि मालकाची कंबर वाकडी. पाहुण्यांना मागच्या दाराने घरात घेण्याची पद्धत याच सुमारास पडली. त्यांतल्या एकानेही पडवळांच्या सरळपणाचा विषय काढला नाही. मालकाच्या आईने काढला, एकदाच: “चिरलं की सरळ काय नि वाकडं काय, सगळ्याच्या चकत्याच.”

आई हा बागेचा चौथा घटक. आरंभीच्या यादीत तो राहून गेला. ही चूक मालक दरवर्षी करतो. ‘माझी बाग’ म्हणून तो जी दाखवतो ती चालते तिच्या बियाण्यावर. हंगामातला सर्वांत देखणा दुधी, म्हणजे नेमका मालकाचा डोळा असलेला, ती तोडू देत नाही. तो वेलावरच पिकवायचा, साल लाकडासारखी कडक होऊन हलवल्यावर आत बी खुळखुळले की उतरवायचा, आणि बी राखेत घोळून डब्यात ठेवायचे. बाजारच्या संकरित वाणाचे बी असे धरून उपयोग नसतो. पुढच्या पिढीला मूळ वाणाचे गुण जसेच्या तसे येत नाहीत. मालकाने एका वर्षी चित्र पाहून तसले पाकीट आणले होते. त्यातले चित्र अजून जपून ठेवलेले आहे.

गेल्या पावसाळ्यापासून आईचे गुडघे वाकत नाहीत. ती पडवीत खुर्चीवर बसून सूचना करते. यंदा दुधी फोडून मालकाने तिच्या पुढ्यात ठेवला. तिने बी निवडले, राख लावली आणि डबा त्याच्याच हातात दिला. “पुढल्या वर्षी तूच धर रे बी. मला त्या वरच्या फळीवरचं आता काढवत नाही.” फळी खाली घेता येईल, असे मालक म्हणाला. त्याच दुपारी त्याने ती घेतलीही, दोन खिळे वाकडे ठोकून. एरवी वाकड्या खिळ्यावर ती बोलल्याशिवाय राहिली नसती.

पावसाळी लावणीचा हिशेब भाद्रपदावरून उलटा मांडतात. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचे चालत नाही, म्हणून अळू, भेंडी, शिराळे, पडवळ, भोपळा हे सारे हाताने लावलेल्या परसातून यावे लागते. मालकाच्या कष्टांना शास्त्राची हरकत नाही. शिराळे पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत धरते, तेव्हा मृगाची पेरणी बरोबर बसते. त्याची फुले संध्याकाळी उमलतात, घोसाळ्याची सकाळी. नर फुलांना फळ येत नाही, हे मालकाला पहिल्या वर्षी चाळीस फुले मोजून शेजाऱ्यांना जेवायचे आमंत्रण दिल्यावर कळले.

आळी पाणी तुंबणार नाही अशी उंचवट्यावर करावीत, मातीत कुजलेले शेणखत मिसळावे. बी रात्रभर भिजवून दर आळ्यात दोन-तीन, बोटाच्या पेराएवढे खोल टोचावे आणि मग त्याला हात लावू नये.

यंदा दुधीची चार आळी झाली. आठव्या दिवशी तीन आळ्यांत रोपे वर आली. चौथ्यात मालक रोज उकरून पाहत होता.