सगळा दोष कार्ब्युरेटरचा

जुनी मोटारसायकल बोईसरमध्ये रस्त्याच्या कडेला लावून तिच्याकडे नुसतं हताशपणे बघत उभं राहा, दोन मिनिटांत सल्लागार मंडळ जमतं. एक शिफ्ट सुटून घरी निघालेला, एक चहाच्या टपरीवरून उठून आलेला आणि एक आजोबा, ज्यांच्याकडे पूर्वी राजदूत होती. या तिघांचं पावसाच्या अंदाजापासून डहाणू लोकलच्या वेळेपर्यंत कशावरही एकमत होणार नाही. निदान मात्र एकच: "कार्बेटरमध्ये कचरा आलाय." गाडी कशी बंद पडली, झटके देत पडली की एकदम पडली, गरम होती की थंड, हे विचारायच्या आधी निकाल लागलेला असतो. टाकीत पेट्रोल आहे का, हे तर शिष्टाचार म्हणूनही कुणी विचारत नाही.

मला त्या मुठीएवढ्या वस्तूची दया येते. घरात दूध नासलं की सगळ्यांची नजर आधी धाकट्या सुनेकडे वळते, तसं गाडीत काहीही बिघडलं की हात कार्ब्युरेटरकडे जातो. त्याचा गुन्हा एवढाच की तो बाहेर असतो आणि दोन-चार स्क्रू फिरवले की उघडतो. इंजिन रस्त्यावर उघडता येत नाही, कॉइलच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. कार्ब्युरेटर उघडला की मात्र त्याच्या वाटीच्या तळाशी गाळाचे चार कण सापडतातच, आणि कण सापडले की गुन्हा शाबीत. ते कण आले कुठून, याचा तपास करायची कुणाला गरज वाटत नाही.

वास्तविक त्याच्याइतका साधा प्राणी गाडीत दुसरा नाही. त्याला पंप नाही, वीज नाही, डोकं तर नाहीच. हवेची वाट मध्येच अरुंद केली की हवा तिथे वेगाने जाते आणि तिचा दाब उतरतो. व्हेंतुरी नावाच्या इटालियन गृहस्थांनी १७९७ मध्ये वाहत्या पाण्याच्या बाबतीत हे लिहून ठेवलं. दाब उतरला की खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून आपसूक वर येतं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. असा फवाऱ्याचा कार्ब्युरेटर जर्मनीत माय्‌बाखने १८९३ च्या सुमाराला केला. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळपास पंधरा किलो हवा लागते, म्हणजे लिटरभर पेट्रोलमागे नऊ हजार लिटरच्या आसपास. आमच्याकडे ती हवा तारापूर एमआयडीसीची असते, आणि कुठल्या दिवशी ती कसला वास घेऊन येईल ते वाऱ्यावर ठरतं. कार्ब्युरेटर बिचारा तक्रार न करता तीही ओढतो.

आमचे मिस्त्री नवापूर नाक्याच्या पुढे बसतात. येझदी आणि राजदूतवर हात बसलेला माणूस. पुढे शंभर सीसीच्या चार स्ट्रोक गाड्या आल्या, त्याही त्यांनी शिकून घेतल्या. गाडी समोर आली की ते पान्याला हात लावत नाहीत. आधी चौकशी. "सर, हळू चालवताना मरते की पळवताना?" "चोक ओढला तर सुधरते की अजून बिघडते?" "पेट्रोल कधी टाकलं, आणि कितीचं टाकलं?" नवीन गिऱ्हाईक या प्रश्नांनी वैतागतं. त्याला कार्बेटर साफ करून हवा असतो, मुलाखत द्यायची नसते.

पण सगळा शोध या चौकशीतच असतो. मूठ थोडीशी पिळलेली असते तेव्हा पेट्रोल पायलट जेटमधून येतं, पाव ते पाऊण मुठीला सुईची सत्ता चालते आणि मूठ पूर्ण पिळल्यावर मेन जेटचा अंमल सुरू होतो. म्हणजे त्रास कुठल्या मुठीला होतो ते नीट सांगितलं, तर आरोपी तिघांतला कोण ते उघडण्याआधीच कळतं. सिग्नलला स्लो टिकत नाही पण पळताना ठीक आहे, तर पायलट जेट बघा. आता बोईसरमध्ये शिफ्ट सुटायच्या वेळी टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि रिक्षा यांच्या मधून जाणाऱ्या माणसाला पाव मुठीच्या वर जायची संधी मिळत नाही. आमच्या गाड्यांचा मेन जेट वर्षानुवर्षं बसून पगार खातो. मनोरला जाऊन हायवेला लागेपर्यंत तो जिवंत आहे की नाही हेही समजत नाही. मिस्त्री एकदा म्हणाले, "इथल्या गाडीचा पायलट जेट तेवढा बघायचा. बाकीचे पाहुणे आहेत."

चोकचा प्रश्नही असाच. पालघरच्या थंडीत चोकची खरी गरज फारशी पडत नाही, पण लोक तो श्रद्धेने ओढतात. मिस्त्री त्याचा उपयोग परीक्षेसाठी करतात. गाडी चालू असताना अर्धा चोक ओढायचा. सुधारली, तर तिला पेट्रोल कमी पडतंय: जेट तुंबलाय, नाहीतर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर जाऊन फुकटची हवा आत शिरतेय. गुदमरून काळा धूर टाकू लागली, तर पेट्रोल आधीच जास्त होतंय: फिल्टर तरी धुळीने भरलाय, नाहीतर वाटीतलं पेट्रोल मापात ठेवणाऱ्या तरंग्याची पातळी बिघडलीय. मग ते प्लग काढून उजेडात धरतात. काळा, मऊ काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा पडला असेल तर कमी. तपकिरी असेल तर कार्ब्युरेटर निर्दोष सुटला, पुढच्याला बोलवा. आमचं सल्लागार मंडळ ही परीक्षा कधीच घेत नाही, कारण प्लगचा पाना बरोबर ठेवावा लागतो आणि मत बाळगायला काही बरोबर ठेवावं लागत नाही.

आणि समजा, जेट खरोखरच तुंबलेला निघाला, तरी मंडळाच्या हाती तो देऊ नये. त्यांतला एक जण लगेच ब्रेकच्या केबलची तार शोधायला निघतो. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं, जेट पितळेचा असतो आणि पितळ मऊ. पोलादी तार दोनदा फिरवली की भोक मोठं होतं. जेटवर कोरलेला आकडा तसाच राहतो, पण तो आता खोटं बोलतो. पुढच्या मेकॅनिकला आकडा बरोबर दिसतो, गाडी पेट्रोल पिते आणि तो बिचारा भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. मिस्त्री जेट पेट्रोलमध्ये भिजवतात, हवेच्या नळीने फुंकतात, आणि मग एक डोळा मिटून त्यातून आकाश बघतात. आकाश गोल दिसलं पाहिजे.

"पेट्रोल कितीचं टाकलं" हा प्रश्न मला आधी खासगी बाबतीत नाक खुपसल्यासारखा वाटायचा. महाराष्ट्रात २०२१ मध्ये पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली, पण "पन्नासचं टाक रे" ही आमची सवय तिथेच राहिली. पन्नासात अर्धा लिटरही येत नाही. म्हणजे गाडी कायम रिझर्व्हवर. जुन्या गाडीच्या टाकीत कॉकची एक नळी उंच उभी असते, तिच्यातून वरचं स्वच्छ पेट्रोल जातं. कॉक रिझर्व्हला फिरवला की तळाचं पेट्रोल उपसलं जातं. तळाशी काय असतं? टाकीचा गंज, पाण्याचे थेंब, वर्षांची माती. ते सगळं आपण पन्नास-पन्नास रुपयांच्या हप्त्याने कार्ब्युरेटरला पाजतो आणि वर त्यालाच कचऱ्याचा आरोपी करतो. मिस्त्रींची सक्त ताकीद असते: एकदा तरी टाकी फुल करा, आणि पन्नासचं तर कधीच टाकू नका.

गंजाचं म्हणाल तर आमच्या किनाऱ्यावर तो वेगळा आणावा लागत नाही. सातपाटी, शिरगाव, चिंचणी, कुठेही गाडी अंगणात ठेवा, खारा वारा त्याचं काम करतो. रिकाम्या टाकीत दमट हवा भरलेली असते. रात्री तिचं पाणी होऊन आतल्या पत्र्यावर धरतं. पावसाळ्यात झाकणाचं रबर कडक झालेलं असलं तर वरूनही थेंब आत जातात. पूर्वी हे पाणी निमूट तळाशी बसायचं. कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू ढिला करून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढलं की पाण्याचे मणी वेगळे दिसायचे. आता त्यात इथेनॉल आलंय. फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल विक्रीला आलं आणि हळूहळू सगळीकडे तेच झालं. इथेनॉल पाण्याला आधी पोटात घेतं, पाणी फार झालं की मग दोघं मिळून पेट्रोलपासून फारकत घेतात आणि तळाशी जाऊन बसतात. शिवाय किलोभर इथेनॉल जळायला हवा लागते नऊ किलोच, त्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून येणारं मिश्रण नव्या पेट्रोलला पातळ पडतं. जुनी रबरं फुगतात, तरंग्याची सुई चिकटते. दक्षिण महाराष्ट्रातल्या उसाचा अंश बोईसरच्या टाकीत येऊन पोचला याचा आनंद आहेच, पण माझ्या गाडीला गोड पचत नाही.

इंधनाचं दुखणं या भागाला तसं नवं नाही. इथून जवळच तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, १९६९ मध्ये सुरू झालेलं, देशातलं पहिलं. त्याला समृद्ध युरेनियम पुरवायचा करार अमेरिकेने १९६३ मध्ये तीस वर्षांसाठी केला होता. १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेत नवा कायदा आला आणि पुरवठा अडला. मग १९८२ च्या करारानंतर फ्रान्सने इंधन दिलं, पुढे चीनने आणि रशियानेही. अणुभट्टीवर रिझर्व्हला यायची वेळ आली तेव्हा त्या वेळच्या टपऱ्यांवर काय निदान झालं असेल, याची मला कल्पना करता येते.

पण मिस्त्रींची सगळ्यात गाजलेली केस आमच्या शेजाऱ्यांची. ते पालघरला राहायचे तेव्हा रोज बोईसरला कामाला यायचे, आणि गाडी उमरोळीच्या आसपास बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं, चिडून किका मारल्या की सुरू. संध्याकाळी परत जाताना पुन्हा उमरोळीलाच. कार्ब्युरेटर कितीदा उघडला गेला त्याला गणती नाही. जेट बदलले, तरंगा बदलला, शेवटी अख्खा कार्ब्युरेटर नवा आणला. नवा कार्ब्युरेटरही उमरोळीला बंद पडला. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी जागा वाईट असल्याचं ठरवलं आणि तिथे एक नारळ फुटला. जाताना आणि येताना, दोन्ही वेळेला तिथेच, म्हणजे शंकेला जागाच नव्हती.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उमरोळी दोन्हीकडून सारखीच लांब ना?"

होतीच. पालघर आणि बोईसरच्या बरोबर मध्ये. गाडीला जागेशी काही देणंघेणं नव्हतं. तेवढं अंतर चालली की ती मरत होती. असं दोन कारणांनी होतं. कॉइल गरम झाली की ठिणगी सोडून देते, थंड झाली की परत येते. नाहीतर टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक बुजलेलं असतं. पेट्रोल खाली जातं, वरून हवा आत येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. दहा मिनिटांत थोडी हवा कुठून तरी झिरपते आणि गाडी शहाण्यासारखी सुरू होते. दोन्हींतला फरक ओळखायला हत्यार लागत नाही. "बंद पडली की झाकण उघडा आणि कान लावा," मिस्त्री म्हणाले. दुसऱ्या दिवशी उमरोळीला फुस्स असा आवाज आला. दसऱ्याला टाकीला नवा रंग मारून घेतला होता, तेव्हा रंगाऱ्याने झाकणही हौसेने रंगवलं होतं. टाचणीने काम झालं. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. जुना कार्ब्युरेटर मात्र ठेवून घेतला, कारण तो चांगला होता. नारळाचं श्रेय कुणाला, यावर शेजाऱ्यांच्या घरात अजून मतभेद आहेत.

१ एप्रिल २०२० पासून नवे प्रदूषणनियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला. आता इंजेक्शन. काही बिघडलं की काट्याशेजारी पिवळा दिवा लागतो, शोरूममधला मुलगा वायर जोडून आकडा वाचतो. उत्तम व्यवस्था आहे, मला तिच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही. टपरीवरचं मंडळ मात्र अशा गाडीभोवती जरा अवघडून उभं राहतं. दिव्याशी वाद कसा घालणार? मग तेही एकेक करून चहाकडे परततात आणि पुढच्या जुन्या गाडीची वाट बघतात.

माझी जुनीच आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिचा स्लो टिकेना, तेव्हा मी मिस्त्रींकडे नेली. प्रश्नोत्तरं झाली, अर्धा चोक झाला, प्लग पांढरट निघाला, पायलट जेटमधून आकाश बघून झालं. हवेचा स्क्रू आधी पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, मग कान लावून थोडा इकडे, थोडा तिकडे. शेवटी हात पुसून मिस्त्री म्हणाले, "ट्रायल मारून येतो," आणि नवापूरच्या दिशेने निघून गेले. मी बाकावर बसून त्यांच्या पोऱ्याशी गप्पा मारल्या, चहा घेतला, दुसरा घेतला. मग लांबून गाडीचा आवाज आला, एकसारखा, एकही झटका नाही. हँडलला ओल्या बोंबलांची पिशवी लोंबत होती.

"स्लो एकदम बसला, सर," ते उतरता उतरता म्हणाले. "फक्त रिझर्व्हला आलीय. जाताना पन्नासचं टाकून घ्या."