तापमान-रूपांतर: जावयांसाठी नियमावली

ही नियमावली ज्यांचं सासर साताऱ्याला आणि घर सांगलीला आहे अशा जावयांसाठी आहे. बाकीच्यांनी नुसती वाचावी.

पूर्वपीठिका: हवा सेल्सिअसमध्ये मोजतात, ताप फॅरेनहाइटमध्ये. सरकारनं 1956 साली कायदा करून मेट्रिक मापं आणली खरी, पण ती काखेपर्यंत पोचली नाहीत.

नियम पहिला. सेल्सिअसचा आकडा दुप्पट करा, त्यातला दहावा हिस्सा काढा, उरेल त्यात 32 मिळवा. 37 चे 74, वजा 7.4, राहिले 66.6, अधिक 32, झाले 98.6. माणूस ठणठणीत. हाच हिशोब एप्रिलातल्या 40 ला लावलात तर 104 येतात. त्या 104 मध्ये आम्ही सांगलीकर यार्डात हळदीचे सौदे करतो. तेच 104 नातवाच्या थर्मामीटरवर दिसले, की सासरेबुवा साताऱ्याहून पहिल्या एसटीनं निघतात.

नियम दुसरा. फरकाला 32 मिळवू नयेत. 'पारा 3 अंशांनी चढला' म्हणजे फॅरेनहाइटमध्ये 5.4 नं चढला. सासरेबुवा त्यात 32 घालतात आणि 'सांगलीत पारा सदतीस अंशांनी चढलाय, पोरांना इकडं पाठवा' असा फोन करतात. दर उन्हाळ्यात!

नियम तिसरा. उणे 40 दोन्ही पट्ट्यांवर सारखंच. आपल्याकडे उपयोग नाही.

नियम चौथा, नाजूक. हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी दव गोठतं आणि सासरेबुवा 'शून्य' जाहीर करतात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून वर, झडपांच्या पेटीत असतो. निरभ्र रात्री गवत हवेपेक्षा जास्त गार पडतं, त्यामुळे पेटीत चार-पाच अंश असतानाही खाली बर्फ दिसू शकतो. हे समजावायला जाऊ नये. 'महाबळेश्वर कुणाच्या जिल्ह्यात आहे?' एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा सांगावं, की 1742 साली सेल्सिअसनं पट्टी उलटी मांडली होती: उकळत्या पाण्याला 0, गोठत्याला 100. थंडीला शंभरपैकी शंभर मिळाल्यावर ते चहा सांगतात.

नियम पाचवा. गुळव्याला पट्टी लागत नाही. काहील उतरवायची वेळ 118 सेल्सिअसच्या आसपास येते; तो थेंब पाण्यात सोडतो, बोटांत गोळी वळते का बघतो आणि हाक देतो. सासरेबुवांचा हातही त्याच जातीचा. नातवाच्या कपाळाला पालथा पंजा लावून म्हणतात, 'एकशे एक.' थर्मामीटर 100.8 दाखवतो. उरलेल्या दोन दशांशांसाठी थर्मामीटर बोलणी खातो आणि तो विकत आणला म्हणून मी.